बिनतारखेचा निरोप

संध्याकाळचा कुकर उतरला की अलकनंदाबाई बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसत, गळ्यातला कॅमेरा मांडीवर घेत आणि बटण दाबत. मग माधवरावांचा आवाज येई. "अलका, मी जरा बाहेर जाऊन येतो. काळजी करू नकोस. दार आतून लाव आणि खुर्चीत बस. येतोच मी." एवढं बोलून आवाज थांबे. बाई मान डोलावत, "बरं" म्हणत आणि खालच्या रस्त्याकडे बघत बसत. माधवराव मार्गशीर्षातच गेले होते, आणि आता चैत्र उलटत आला होता.

त्यांची मुलगी शर्मिष्ठा स्वयंपाकघराच्या दारातून हे रोज बघायची. आई शांत बसली म्हणून तिला आधी हायसं वाटे. मग हायसं वाटल्याची लाज वाटे. तेवढ्यात मागे भाजी करपायला लागे आणि ती आत जाई.

आता हा कॅमेरा म्हणजे काय प्रकार होता ते सांगायला हवं, नाहीतर फोनवरच वाढलेल्या मंडळींना यातलं काही कळायचं नाही. वीसेक वर्षांपूर्वीच्या काही डिजिटल कॅमेऱ्यांत एक सोय असे. फोटो काढला, की एक बटण दाबून त्या फोटोला आपला आवाज जोडता यायचा, अर्धं मिनिटभर. पुढे कधीही तो फोटो पडद्यावर आणून बटण दाबलं की ते बोलणं ऐकू यायचं. बहुतेकांनी एकदा गंमत म्हणून करून बघितलं आणि सोडून दिलं. माधवरावांनी नाही सोडलं. ते चेन्नईत, पेरांबूरला रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. दिवसभर डब्यांच्या पोटाखाली वाकून फिरायचं आणि तडा दिसला, गंज दिसला की नोंद करायची. हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले, कागद धरणार कोण? म्हणून पदरचे पैसे घालून त्यांनी हा कॅमेरा घेतला. फोटो काढायचा आणि तिथल्या तिथे त्याला सांगून ठेवायचं. आधी तारीख, मग डब्याचा नंबर, मग दोष, आणि शेवटी डबा सोडायचा की नाही. संध्याकाळी हात धुऊन, चहाचा पेला घेऊन ते ऐकत बसायचे आणि अहवाल लिहायचे. हाताखालच्या लोकांना त्यांचं एकच सांगणं असे. तारीख नसलेली नोंद म्हणजे नोंदच नाही. तडा आजचा की गेल्या वर्षीचा, हे ऐकणाऱ्याला कळणार कसं?

निवृत्त झाल्यावर कॅमेरा पश्चिम तांबरमच्या फ्लॅटमध्ये आला आणि कपाटात पडून राहिला. नातवंडं नव्हती, मग फोटो काढायचे कुणाचे? शर्मिष्ठेने लग्न केलं नव्हतं. हेरंब, तिचा धाकटा भाऊ, पुण्यात होता, तिथेच रमला होता.

मग अलकनंदाबाईंचं विसरणं सुरू झालं. आधी दुधाखालचा गॅस, मग देवासमोर दिवा लावला की नाही ते, मग खालच्या मजल्यावरच्या अलमेलू मामींचं नाव. एकदा तर मामी इडलीचं पीठ घेऊन वर आल्या आणि बाईंनी त्यांना ओळखलंच नाही, तोंडावर दार लावून घेतलं. डॉक्टरांनी त्या दुखण्याला एक लांबलचक नाव दिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि गोळ्यांनी फार फरक पडणार नाही हेही प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

माधवराव काही कपाळाला हात लावून बसणारा माणूस नव्हता. त्यांनी कपाटातून कॅमेरा काढला, नवी बॅटरी शोधायला अर्धं चेन्नई पालथं घातलं, आणि डबा तपासावा तसं आपलंच घर तपासायला घेतलं. शेगडीचा फोटो काढला आणि त्याला सांगितलं, "ही आपली शेगडी. बटण असं आडवं असलं की बंद. उभं दिसलं तर हात लावू नकोस, मला हाक मार." मामींचा काढला. "या अलमेलू मामी. आपल्या घरच्यासारख्या आहेत. यांना बघून दार लावायचं नाही. मागे एकदा लावलंस, त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत." हेरंबचा जुना फोटो फ्रेममधून काढला. "हा आपला हेरंब. फोन करत नाही, पण मनाने चांगला आहे." हे हेरंबने सुट्टीत आल्यावर ऐकलं आणि तो दिवसभर घुम्यासारखा बसला होता. शर्मिष्ठेच्या फोटोवर फक्त एवढंच होतं, "ही शमा. ही घरी आली की तू निर्धास्त."

फोनवर हे सगळं जास्त सोपं झालं असतं, असं शर्मिष्ठा म्हणाली होती. सिरुसेरीच्या कंपनीत दिवसभर सॉफ्टवेअर लिहिणारी बाई, ती दुसरं काय म्हणणार? पण फोन आईच्या हातात टिकेना. मध्येच कुणाचा तरी कॉल येई, मध्येच पडदा काळा होई, की आई घाबरून तो टेबलावर पालथा ठेवी. कॅमेऱ्याचं तसं नव्हतं. एक चाक, एक बटण, कालच्या जागी आजही. तिची बोटं शिकली ती शिकलीच. एखादी वस्तू, एखादा चेहरा अनोळखी वाटला की ती खुर्चीत बसून चाक फिरवायची, आणि नवऱ्याच्या तोंडून आपलं घर पुन्हा समजून घ्यायची.

एक निरोप मात्र वेगळा होता. माधवराव दुधाला, भाजीला बाहेर पडले की बाई कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. तेव्हा एकदा त्यांनी कॅमेरा फ्रिजवर ठेवला, आपोआप फोटो निघायची कळ दाबली आणि कापडी पिशवी घेऊन दारात जाऊन उभे राहिले. एक पाय चपलेत, एक बाहेर, चेहऱ्यावर अर्धवट हसू. त्या फोटोला त्यांनी तो निरोप जोडला, 'येतोच मी'वाला. आणि जन्मभर तारीख तारीख करणाऱ्या या माणसाने त्यात तारीख घातली नाही. विसरले म्हणून नव्हे, मुद्दाम. रोज नवा निरोप कोण करत बसणार? शर्मिष्ठेने हटकलंसुद्धा होतं. "बाबा, तारीख?" तर म्हणाले, "ह्याला कशाला हवी? मी रोज जातो आणि रोज येतो. एकदा करून ठेवला की कायमचा चालेल."

तो कायमचा चालू लागला. मार्गशीर्षातल्या एका सकाळी ते दूध आणायला गेले आणि मुडिच्चूर रोडवरच्या दुकानासमोर खाली बसले, ते उठलेच नाहीत. रांगेतल्या लोकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. शर्मिष्ठा सिरुसेरीहून धापा टाकत पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. घरी आली तर आई खुर्चीत होती. शेजारी अलमेलू मामी, पदर तोंडाला लावून बसलेल्या. आणि कॅमेऱ्यातून बाबा सांगत होते, येतोच मी.

त्या दिवशी आईला सगळं समजलं. अगदी नीट समजलं. चारचौघींसारखी ती रडली, तुळशीचं पान ठेवलं का म्हणून तिनेच विचारलं, पायांवर डोकं ठेवून नमस्कारही केला. दिवसकार्य होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, तोवर ती ठीक होती. मग हेरंब पुण्याला गेला, माणसं पांगली, दिवसा मामी सोबतीला येऊन बसू लागल्या, आणि एका संध्याकाळी आई खुर्चीतून म्हणाली, "अगं शमे, हे अजून आले नाहीत. कुठे अडकले?"

शर्मिष्ठेने जवळ बसून सांगितलं. आईने तिच्याकडे अविश्वासाने बघितलं, आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो थेट पहिल्या दिवशीचाच होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा सांगणं, पुन्हा तोच आवाज. नवरा गेल्याची बातमी बाईला एकदा ऐकावी लागते. आई ती रोज ऐकत होती, आणि रोज सांगणारी होती तिची मुलगी. शर्मिष्ठेला संध्याकाळी घरी परतणंच नको व्हायला लागलं. एकदा तर कंपनीची बस तांबरमला लागली तरी ती उतरली नाही, सीटवर तशीच बसून राहिली. ड्रायव्हरने मागे वळून विचारलं तेव्हा उठली.

अशाच एका संध्याकाळी तिने सांगायचं टाळलं. आई विचारत होती. समोर टेबलावर कॅमेरा होता. तिने तो उचलला आणि आईच्या हातात दिला. "बघ ना यात." झालं. आईने चाक फिरवलं, बटण दाबलं, ऐकलं आणि "बरं" म्हणून ती शांत झाली. शर्मिष्ठा काही खोटं बोलली नव्हती. तिच्या वतीने बाबा बोलले होते. त्यानंतर कॅमेरा आईच्या गळ्यातच राहिला.

तिने हेरंबला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, चालू दे की. तिला बरं वाटतंय ना? मग झालं." पुण्यात बसून असं म्हणायला काय जातंय, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण खरं सांगायचं तर तिलाही हेच ऐकायचं होतं.

वाट बघणं फुकट मिळत नाही, हे हळूहळू कळायला लागलं. आई जेवेना. "ते आले की बसते" म्हणायची. दोन पानं मांडायची आणि समोर बसून राहायची. आमटी निवायची, भात सुकायचा. शर्मिष्ठा चार घास बळेच भरवायची, तर आई तोंड फिरवून म्हणायची, "त्यांच्या आधी कशी जेवू? वेडी का तू?" महिन्याभरात तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर चढायला लागल्या. मामींनी पोंगल आणला, रसम आणलं, ताकभात कालवून आणला. बाई सगळ्याचं कौतुक करायच्या आणि म्हणायच्या, झाकून ठेवा, हे येतीलच.

आणि मग ती दुपार आली. शर्मिष्ठा त्या दिवशी घरूनच काम करत होती. आतल्या खोलीत, कानात हेडफोन, समोर मीटिंग. पाणी प्यायला बाहेर आली तर बाल्कनीतली खुर्ची रिकामी आणि दार सताड उघडं. ती तशीच खाली धावली. मामींकडे नाही. दुधाच्या दुकानात नाही. दुकानदार म्हणाला, अम्मा मघाशी इथून गेल्या, स्टेशनच्या बाजूला, पायात काही नव्हतं. चेन्नईतलं चैत्रातलं ऊन, रस्त्याचं डांबर मऊ झालेलं, आणि आई अनवाणी. शर्मिष्ठेने रिक्षा केली. पण पुढे गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा उतरून ती पळत सुटली.

स्टेशनच्या पुलावर ती अर्ध्यात होती, तेव्हा कर्ण्यातून घोषणा झाली. तमिळमध्ये. पेरांबूर कारखान्यातल्या माधवरावांनी, जिथे असतील तिथून, चौकशीच्या खिडकीपाशी यावं. त्यांच्या पत्नी त्यांची वाट बघत आहेत. मग तेच इंग्रजीत. मग पुन्हा तमिळमध्ये.

शर्मिष्ठेने कठडा धरला. मागून लोक धक्के मारून जात होते. बाबांनी उभा जन्म रेल्वेत काढला, पण त्यांचं नाव असं कधी कुठे पुकारलं गेलं नव्हतं. आणि तिने काय करावं? तिने खाली फलाटावर बघितलं. तांबरम लोकल नुकतीच लागली होती, माणसांचा लोंढा उतरत होता, आणि त्यात ती कापडी पिशवीवाला एक म्हातारा शोधत होती. क्षणभरच. पण शोधला तिने.

आई खाली बाकावर होती. एका बाजूला मोगऱ्याचे गजरे ओवणारी बाई, दुसऱ्या बाजूला स्टेशनवरची एक कर्मचारी, हातात पाण्याची बाटली. आईच्या तळव्यांवर फोड आले होते. चाळीस वर्षं या गावात वांग्यांपासून विजेच्या बिलापर्यंत सगळी भांडणं तमिळमध्ये भांडलेली ही बाई, तिचं तमिळ आता गळून गेलं होतं. उरली होती ती मिरजेची, माहेरची मराठी. त्या मराठीत ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, यांना बघितलंत का, आणि फोटो दाखवून आवाज ऐकवत होती. लोकांना अक्षर कळलं नव्हतं. पण 'माधवराव' आणि 'पेरांबूर' कळलं, आणि एक म्हातारा माणूस मायेने काहीतरी सांगतोय एवढं कळलं. मग त्यांनीही त्याला शोधायला घेतलं होतं.

"सर अजून आले नाहीत," ती कर्मचारी शर्मिष्ठेला म्हणाली. "पुन्हा एकदा घोषणा करू का?"

शर्मिष्ठेने तिला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, की सर मार्गशीर्षातच वारले. गजरे ओवणाऱ्या बाईनेही ते ऐकलं. तिचा हात दोऱ्यावर थांबला. मग तिने विचारलं, "मग त्यात ते काय सांगतात?"

शर्मिष्ठेला बाबांचं बोलणं तमिळमध्ये करून सांगावं लागलं. जाऊन येतो म्हणतात, ती म्हणाली. पोयिट्टु वरेन.

"सगळे तेच म्हणतात, कण्णा," ती बाई लेकराला म्हणावं तशी म्हणाली. "निघताना दुसरं काय म्हणणार?" आणि एक गजरा तिने आईच्या ओंजळीत ठेवला.

आईला तिथून हलवणं कठीण गेलं. "ते येतील आणि मी नसेन," असं ती रिक्षात बसेपर्यंत म्हणत होती.

घरी आल्यावर शर्मिष्ठेने ठरवलं, तो निरोप काढायचा. आवाज तिने लॅपटॉपवर उतरवून घेतला, हेरंबलाही पाठवला. आवाज काही कुठे जाणार नव्हता. जाणार होते ते आईच्या हातातले बाबा, आणि आईच्या लेखी कॅमेऱ्यात नाही ते जगात नाही. तरी मन घट्ट करून तिने तो पुसला. संध्याकाळी आईने बटण दाबलं. दारात बाबा उभे, हसू तेच, पण आवाज नाही. आईने पुन्हा दाबलं. पुन्हा. मग फोटोकडे बघत ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "रागावलात का? चुकलं माझं. पुन्हा नाही जाणार कुठे. बोला ना." शर्मिष्ठेला ते बघवेना. तिने कॅमेरा लॅपटॉपला जोडून तो आवाज होता तिथे परत घातला. आईचा जीव भांड्यात पडला, आणि ती पुन्हा रस्त्याकडे बघत बसली. दोन पानं पुन्हा तशीच राहिली.

मग एकदा तिने स्वतःचा आवाज घालून बघितला. 'आई, मी शमा. बाबा आता नाहीत.' आईने ऐकलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, "शमेला म्हणावं, असली थट्टा आपल्या घरात चालत नाही." आणि चपला शोधायला लागली. तो आवाजही काढून बाबांचा परत घालावा लागला. त्या दिवसापासून शर्मिष्ठेने दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. आपल्याच आईला कोंडून ठेवतोय, हे काही तिच्या मनातून जाईना.

आईच्या सकाळी अजून बऱ्या होत्या. आंघोळ करून, चहा पिऊन ती शेंगा निवडायला बसली की थोडा वेळ अगदी पूर्वीसारखी असायची. अशाच एका सकाळी तिने पाय पुढे घेतला आणि तळवा निरखला. "हे काय गं झालंय माझ्या पायाला?"

शर्मिष्ठा थकली होती. काहीतरी थाप मारायचंही त्राण नव्हतं. तिने सगळं सांगून टाकलं. बाबा गेले ते, आई रोज विचारते ते, स्टेशन, घोषणा, तिच्या आवाजाला आई थट्टा म्हणाली ते, कुलूप. "आणि आई, तो कॅमेरा संध्याकाळी तुझ्या हातात मीच दिला. मला सांगवत नव्हतं. फसवलं मी तुला."

आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने येऊ दिलं. शेंगांचं ताट बाजूला सरकवलं.

"मी रोज विचारते?"

"रोज."

"आणि आता हे जे सांगितलंस, ते संध्याकाळी माझ्या लक्षात राहील?"

शर्मिष्ठेने मान हलवली. नाही.

"माझा विश्वास कुणावर बसत नाही म्हणतेस. तुझ्यावरसुद्धा." आईने पदराने नाक पुसलं. "मग मीच सांगते मला. माझा आवाज तरी ओळखेन ना मी? आण तो इकडे."

दुसऱ्या कुठल्या फोटोवर बोल, असं शर्मिष्ठा म्हणाली. आईला ते पटलं नाही. "संध्याकाळी मी हाच लावते ना? मग दुसऱ्यावर बोलून काय उपयोग? याच्यावरच." पण एकदा ऐकू दे म्हणाली. आता मला माहीत आहे तोवर ऐकू दे. तिने बटण दाबलं, आणि नवरा गेलाय हे पुरतं ठाऊक असताना त्याचं ते बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर तिने पडद्यावरून अंगठा फिरवला. "बोलून तर गेलात," एवढंच म्हणाली.

पहिल्या वेळी ती "अलका" म्हणाली आणि पुढचं अर्धं मिनिट नुसता श्वासाचा आवाज. दुसऱ्या वेळी लग्नानंतर मद्रासला आले तेव्हाचं सांगत बसली, स्टेशनवर सामान हरवलं होतं ते, आणि मुद्द्यावर यायच्या आत वेळ संपली. शर्मिष्ठा म्हणाली, राहू दे आई. आई म्हणाली, गप्प बस जरा. आणि तिसऱ्या वेळी, पाठ ताठ करून, मुलांना दटावायची त्या आवाजात ती बोलली.

"अलका, मी अलकाच बोलतेय. नीट ऐक. हे गेले. मार्गशीर्षात गेले. फार त्रास झाला नाही. तू त्यांना नमस्कार केलास, रडलीस, सगळं रीतीने झालं. आता रस्त्याकडे बघू नको. ते यायचे नाहीत. उठ, दोन घास खा. आणि शमेला जवळ घे. तिचाही बाप गेलाय. तिला..."

तिथे वेळ संपली. पुन्हा करायचं का, शर्मिष्ठेने विचारलं. आई म्हणाली, "नको. कळेल मला."

संध्याकाळ झाली. आई खुर्चीत बसली, चाक फिरवलं, बटण दाबलं. शर्मिष्ठा स्वयंपाकघरात शेगडीसमोर उभी होती, पण दाराकडे बघायचा तिला धीर होत नव्हता. आईचा आवाज आईला सांगत होता. संपला. पुन्हा लागला. पुन्हा संपला. मग हुंदका ऐकू आला, पण तो पहिल्या दिवशीचा आवाज नव्हता. हळू, दमून आल्यासारखं ते रडणं होतं, आणि ते आपोआप थांबलं.

पावलं वाजली. आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. डोळे सुजलेले, पण चेहरा घरातल्या मोठ्या बाईचा.

"शमे, गॅस बंद कर. इकडे ये. बस माझ्याजवळ."

शर्मिष्ठा बसली. आईने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"मन घट्ट कर हं. तुला एक सांगायचंय. तुझे बाबा गेले गं."

मला माहीत आहे, असं शर्मिष्ठा म्हणू शकली असती. पण ही बातमी तिला कुणी अशी सांगितलीच नव्हती. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने उभ्याउभ्या इंग्रजीत सांगितली होती आणि लगेच आधार कार्ड मागितलं होतं. त्यानंतर तीच सगळ्यांना सांगत सुटली होती, हेरंबला, मामींना, बँकेला, पेन्शनच्या ऑफिसला, आणि रोज आईला. तिला कुणी जवळ घेऊन सांगितलं नव्हतं. तिने तोंड उघडलं आणि कसाबसा एकच शब्द बाहेर आला.

"कधी?"

"मार्गशीर्षात. त्रास झाला नाही म्हणे." आईने तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. "रड. रडून घे बाळा. मी आहे."

आणि शर्मिष्ठा रडली. वडील गेल्यावर मुलगी रडते तशी, आवाज काढून, नाक आईच्या पदराला पुसून, खालच्या मजल्यावर मामींना ऐकू जाईल इतकी.

आता रोज संध्याकाळी असंच होतं. आई स्वतःचा आवाज ऐकते, थोडी रडते, आणि मग उठून मुलीला ती बातमी द्यायला येते. शर्मिष्ठा रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकते, "कधी?" म्हणून विचारते, आणि त्यात सोंग फारसं करावं लागत नाही. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहते. मग तिचे डोळे पुसून म्हणते, "चल, पानं घे. उपाशी राहून कसं चालेल?" आणि दोघी जेवायला बसतात.